विज्ञानकथेंतील सिंहावलोकन



चौतीस वर्षें मीं शाळेंत मराठी व्याकरण शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलें नाहीं, तेव्हां विद्वत्तेचा आव आणण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु एक गोष्ट मी वर्गावर्गांतून सांगत आलों. वाक्य पुढें आलें कीं आधीं क्रियापदाकडे पाहावें. ‘आला’, ‘येतो’ कीं ‘येईल’ एवढें समजलें म्हणजे हकीकत केव्हांची हें समजतें, आणि मग गोंधळाला जागा राहत नाहीं. माझा हा भरंवसा गेल्या पावसाळ्यांत एका चित्रपटानें पार मोडून टाकला. तें कसें घडलें याचा विचार करतां करतां जें सुचलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे.

चित्रपटाचें नांव ‘अरायव्हल’. तो २०१६ सालचा असून डेनी व्हिलनव्ह यांनीं दिग्दर्शित केलेला आहे. माझ्या नातीनें तो घरींच लावला होता. आरंभींच एका आईचें आणि तिच्या मुलीचें आयुष्य भराभर डोळ्यांपुढून जातें. मुलीचा जन्म, तिचे खेळ, तिचे रुसवेफुगवे, मग इस्पितळ, आणि कोवळ्या वयांत आलेलें मरण. त्यानंतर तीच स्त्री विद्यापीठाच्या आवारांतून एकटी चालत वर्गावर जातांना दिसते. ती भाषाशास्त्राची अध्यापिका आहे. त्याच दिवशीं पृथ्वीवर बारा ठिकाणीं परग्रहावरचीं यानें येऊन उभीं राहतात आणि खरी गोष्ट सुरू होते. पुढें मधून मधून ती मुलगी पुनः पुनः दिसत राहते. मीं मनाशीं म्हटलें, बिचारीला आपलें गेलेलें लेकरूं आठवतें आहे. चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही असेंच वाटेल, आणि दिग्दर्शकाला तेंच हवें आहे.

गोष्ट पुढें चाललेली असतांना मध्येंच मागील प्रसंग दाखविण्याच्या या रीतीला सिनेमाच्या जगांत ‘फ्लॅशबॅक’ म्हणतात. आपल्याकडे तिच्या अगदीं जवळचा शब्द आहे सिंहावलोकन. सिंह चार पावलें पुढें टाकतो, थांबतो, आणि मान वळवून मागें पाहतो. गोष्ट सांगणारालाही हें करावें लागतें, कारण पुढें घडणाऱ्या गोष्टीचें कारण बहुधा मागें कोठें तरी दडलेलें असतें. साध्या कौटुंबिक कथेंत एवढ्यावर भागतें. विज्ञानकथेची अडचण मात्र दुहेरी आहे. तिच्यांतील जगच वाचकाला अनोळखी असतें, म्हणून तें जग असें कां झालें हें मागें जाऊन सांगावें लागतें. आणि दुसरें असें, कीं काळ आणि स्मृति हेच पुष्कळदां तिचे विषय असतात. इतर कथांत मागें वळून पाहणें ही सांगण्याची एक पद्धति असते. विज्ञानकथेंत तीच कथेंतील मुख्य घटना होऊन बसते. ती घटना छापील पानांत एका तऱ्हेनें उमटते, ध्वनींत दुसऱ्या आणि चित्रांत तिसऱ्याच तऱ्हेनें. मला सांगावयाचें आहे तें या फरकाबद्दल.

आधीं छापील पान घेऊं. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाईन’ ही कादंबरी १८१८ सालची. अनेक लोक तिला विज्ञानकथेची आदिजननी मानतात. तिची रचना एकांत एक बसविलेल्या डब्यांसारखी आहे. उत्तरेच्या बर्फांत जहाज घेऊन निघालेला वॉल्टन आपल्या बहिणीला पत्रें लिहितो. त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन यानें सांगितलेली स्वतःची हकीकत आहे. आणि त्या हकीकतीच्या पोटांत, अगदीं मध्यभागीं, त्यानें निर्माण केलेल्या जीवाची आत्मकथा आहे. जन्मल्यावर त्याला प्रकाश कसा दिसला, थंडी कशी लागली, एका झोंपडीच्या आडोशाला लपून तो बोलायला कसा शिकला, हें सर्व तो स्वतःच्या तोंडानें सांगतो. १९३१ सालीं जेम्स व्हेल यांनीं या कथेवर चित्रपट काढला तेव्हां हे सारे डबे काढून टाकून गोष्ट सरळ रेषेंत मांडली. चित्रपट गाजला आणि तो चांगला आहेही. परंतु परिणाम काय झाला तो पाहा. आत्मकथा गेली आणि तिच्याबरोबर त्या जीवाची वाचाही गेली. चित्रपटांतला तो प्राणी नुसता गुरगुरतो. आज जगभर लोक ज्याला राक्षस म्हणून ओळखतात तो हा मुका प्राणी होय. कादंबरींतला जीव चांगला वाचलेला आहे, वाद घालतो, आणि आपल्या निर्मात्याला जाब विचारतो. मागें वळून पाहण्याची सोय काढून घेतली म्हणजे एखाद्या पात्राचा केवढा तोटा होतो याचें याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाहीं.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ या १८९५ सालच्या पुस्तकांत एक गमतीची गोष्ट आहे. कालयंत्रावर बसून गेलेला प्रवासी परत येतो तो मित्रांच्या जेवणाच्या वेळीं. अंगावर धूळ, लंगडत चालणारा, भुकेनें कासावीस. जेवण झाल्यावर तो आपली हकीकत सांगतो आणि ती सारी भूतकाळीं क्रियापदांत. ‘मी गेलों, मीं पाहिलें, मी पळालों.’ परंतु ही घटना घडली कधीं? तर इसवी सन ८०२७०१ मध्यें! म्हणजे व्याकरणानें जो भूतकाळ तो पंचांगानें आठ लाख वर्षांपुढचा भविष्यकाळ. सांगणाराच्या आयुष्यांत ती गोष्ट होऊन गेलेली आहे आणि ऐकणाराच्या जगांत ती व्हावयाची आहे. माझ्या वर्गांत एखाद्या मुलानें हें उदाहरण काढलें असतें तर मी निरुत्तर झालों असतों. वेल्सच्या प्रवाशापाशीं पुरावा म्हणून असतात दोन पांढरीं फुलें, तेथील वीना नांवाच्या मुलीनें खिशांत घातलेलीं. आपले जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ या कथेंतही याच जातीचा पुरावा आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगांत जाऊन येतात, जेथें १७६१ सालीं पानिपतावर मराठ्यांचा जय झाला. परत आल्यावर ते आपल्या मित्राला सारी हकीकत सांगतात, आणि खिशांत राहिलेलें बखरीचें एक पान पुढें करतात. नुसत्या सिंहावलोकनावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. हातांत कांहीं तरी लागतें.

आतां ध्वनीकडे वळूं. श्रुतिकेंत क्रियापद असतें, परंतु श्रोता पानें मागें उलटूं शकत नाहीं, म्हणून गतकाळांत शिरावयाचें तर कानाला खूण द्यावी लागते. माझ्या लहानपणीं आम्ही रेडिओभोंवतीं बसून श्रुतिका ऐकत असूं तेव्हां पात्राचा आवाज हळूहळू क्षीण होई, सतारीची किंवा जलतरंगाची एखादी लकेर येई, आणि तोच माणूस तरुण आवाजांत बोलूं लागे. परत यावयाचें झालें कीं पुन्हां तीच लकेर. या खुणा किती मोलाच्या असतात हें ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्रीं अमेरिकेंत दिसून आलें.

वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९८ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. मंगळावरून आलेल्या स्वारीची ही हकीकत तिचा निवेदक कांहीं वर्षांनंतर सांगतो आहे. त्यामुळें पहिल्याच पानावर वाचकाला नकळत एक अभय मिळालेलें असतें. हा मनुष्य जगला आहे आणि लिहिण्याइतकी स्वस्थता पृथ्वीवर पुन्हां आलेली आहे. न्यूयॉर्कहून ऑर्सन वेल्स आणि त्यांच्या मंडळीनें तिचें नभोनाट्य सादर केलें. त्याची संहिता हॉवर्ड कॉक यांची. तिच्या पूर्वार्धांत हें अभय काढून घेतलें होतें. नृत्याचें संगीत चालूं आहे आणि तें मध्येंच थांबवून बातमी येते, पुन्हां संगीत, पुन्हां बातमी. न्यू जर्सींतील एका शेतावरून बातमीदार समोर दिसतें आहे तें सांगतो आहे आणि बोलतां बोलतां त्याचा आवाज तुटतो. सगळें वर्तमानकाळीं! कांहीं श्रोते खरोखर घाबरले. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांनीं घबराटीचें वर्णन फार फुगवून केलें असें पुढच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे आणि तें खरें असावें. पण मला महत्त्वाचा वाटतो तो उत्तरार्ध. तेथें प्रोफेसर पियर्सन एकटाच बोलतो, झालेली हकीकत नोंदवहींत लिहावी तसा, आणि अखेरीस तो आपल्या अभ्यासिकेंत शांत बसून मागें पाहतो आहे असें कळतें. क्रियापद भूतकाळांत गेलें आणि भय ओसरलें.

जातां जातां एक आठवण. दूरचित्रवाणीमुळें आपली अशी समजूत झालेली आहे, कीं संजय हा धृतराष्ट्राला धावतें वर्णन ऐकवीत होता. आकाशवाणीवरील लोक तर त्याला आपला मूळ पुरुष मानतात! परंतु महाभारतांतील भीष्मपर्व उघडून पाहावें. संजय रणांगणावरून येतो आणि भीष्म पडले ही वार्ताच आधीं सांगतो. धृतराष्ट्र शोक करतो, आणि मग पहिल्यापासून सांग म्हणतो. म्हणजे गीतासुद्धां आपण ऐकतों ती दहा दिवसांमागची. म्हाताऱ्या बापाला शेवट आधीं कळलेला आहे आणि मग तो आरंभ ऐकतो आहे. ‘पुढें काय झालें’ हा त्याचा प्रश्नच नाहीं. ‘असें कसें झालें’ हा आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण ‘अरायव्हल’चा उलगडा हाच आहे.

चित्राचा स्वभाव या दोहोंहून वेगळा. चित्राला क्रियापद नाहीं. पडद्यावर मनुष्य दार उघडून आंत येतो तें पाहतांना तो ‘आला’ कीं ‘येईल’ हें चित्र सांगत नाहीं. तो ‘येतो’ एवढेंच दिसतें. व्याकरणांत आम्ही ज्याला ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतों, कीर्तनकार ज्यांत ‘महाराज दरबारांत येतात’ असें सांगतो, त्या एकाच काळांत सारा चित्रपट चालतो. म्हणून सिनेमावाल्यांनीं बाहेरून खुणा लावल्या. पात्राचा चेहरा जवळ आला, चित्र पाण्यासारखें हललें किंवा धुक्यांत विरघळलें, भिंतीवरील दिनदर्शिकेचीं पानें उलटीं उडालीं, रंग जाऊन काळेंपांढरें झालें, कीं प्रेक्षकांनीं ओळखावें. आमच्या पिढीनें हिंदी चित्रपटांत या खुणा इतक्या पाहिल्या कीं पुढें पुढें त्यांचें हसूं येऊं लागलें. हळूहळू दिग्दर्शकांनीं त्या टाकून दिल्या. आतां एका क्षणीं वर्तमान आणि दुसऱ्या क्षणीं बालपण, मध्यें कांहीं नाहीं. प्रेक्षकानेंच ओळखावयाचें.

एक फ्रेंच लघुपट मात्र याला अपवाद आहे, आणि तो मला फार आवडला. क्रिस मार्कर यांचा १९६२ सालचा ‘ला जेते’. अवघा २८ मिनिटांचा. एक क्षणभराची हालचाल सोडली तर तो सारा स्थिर छायाचित्रांचा आहे आणि मागें एक आवाज हकीकत सांगत असतो. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर लहानपणीं एका मुलानें एक स्त्रीचा चेहरा पाहिला, आणि त्याच वेळीं एक मनुष्य मरतांना पाहिला. पुढें तिसरें महायुद्ध होऊन शहर बेचिराख होतें आणि उरलेले लोक तळघरांत राहतात. तेथील शास्त्रज्ञांना कोणाला तरी गतकाळांत पाठवावयाचें आहे. ते या माणसाची निवड करतात, कारण ती एक आठवण त्यानें इतकी घट्ट धरून ठेवली आहे कीं तिच्या आधारानें तो मागें जाऊं शकेल. शेवटीं तो त्याच विमानतळावर त्याच क्षणीं जाऊन पोहोंचतो. लहानपणीं मरतांना पाहिलेला मनुष्य तो स्वतःच होता, हें त्याला कळतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. हलत्या चित्राला भूतकाळ नाहीं असें मीं म्हटलें, परंतु छायाचित्राला आहे. भिंतीवरील तसबीर ‘होता’ असेंच म्हणते, ‘आहे’ असें म्हणत नाहीं. मार्कर यांनीं हें ओळखून सारी कथाच तसबिरींची केली. १९९५ सालीं टेरी गिल्यम यांनीं याच कथेवरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा मोठा चित्रपट केला. तो रंजक आहे. मुळांतली शांतता त्यांत नाहीं.

चित्र पाहिलें कीं आपण त्यावर विश्वास ठेवतों. शब्दावर इतक्या लवकर ठेवीत नाहीं. हा फरक ज्यांनीं नेमका हेरला त्यांत रिडली स्कॉट यांचें नांव घ्यावें लागेल. त्यांच्या ‘ब्लेड रनर’ या १९८२ सालच्या चित्रपटांत रेचल नांवाची एक तरुणी आहे. ती कारखान्यांत बनविलेली कृत्रिम मानव आहे, पण हें तिला ठाऊक नाहीं, कारण तिच्या मेंदूंत दुसऱ्या कोणाचें बालपण घातलेलें आहे. नायक तिला तिचीच एक आठवण ऐकवितो. खिडकीबाहेरच्या झाडावर एक कोळी होता, त्याच्या अंड्यांतून पिलें बाहेर पडलीं, आणि पुढें काय झालें. येथें एखाद्या सामान्य दिग्दर्शकानें लगेच खिडकी, कोळी आणि लहान मुलगी दाखविली असती. स्कॉट यांनीं कांहीं दाखविलें नाहीं. आपण फक्त तिचा चेहरा पाहतों आणि ती आठवण परक्या माणसाच्या तोंडून ऐकतों. तें बालपण जर पडद्यावर आलें असतें तर आपण तें खरें मानलें असतें. तिचें नाहीं म्हणून तें चित्र तिला मिळालें नाहीं.

पस्तीस वर्षांनीं, २०१७ सालीं, या कथेचा पुढला भाग व्हिलनव्ह यांनीं केला तेव्हां त्यांनीं नेमकें उलट केलें. त्यांच्या नायकालाही घातलेली आठवण आहे. अनाथालयांत इतर मुलें पाठीस लागलेलीं असतांना एका मुलानें लांकडी घोडा भट्टींत लपविला, ही ती आठवण. ती आपणांस दाखविली जाते. पुढें तो घोडा त्याला खरोखर तेथेंच सांपडतो. मग तो मानूं लागतो, आणि आपणही मानूं लागतों, कीं हें बालपण त्याचेंच आणि हा जन्मलेला माणूस आहे. आठवण खरी असते, पण ती असते दुसऱ्या कोणाची. डोळ्यांनीं पाहिलें म्हणून आपलें, हा भ्रम नायकाचा तसाच प्रेक्षकाचा.

चित्रकथांची, म्हणजे मुलें ज्यांना कॉमिक्स म्हणतात त्यांची, मीं शिक्षक असतांना हेटाळणी केली. दप्तरांतून काढून घेतलीं. तें चुकलें असें आतां वाटतें. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ या १९८६-८७ सालच्या मालिकेचा चौथा भाग नातीनें मला वाचावयास दिला. त्यांतील डॉक्टर मॅनहॅटन हा पूर्वीं घड्याळजीचा मुलगा आणि पदार्थवैज्ञानिक होता. १९५९ सालच्या एका अपघातानंतर त्याला सर्व काळ एकदम दिसूं लागतात. तो मंगळावर एक जुनें छायाचित्र हातांत धरून उभा आहे आणि १९४५, १९५९, १९८५ यांतील घटना तो सारख्याच वर्तमानकाळीं सांगतो. गंमत ही, कीं त्याला जसें दिसतें तसें वाचकाला त्या पानावर आपोआप दिसतें. चित्रपटांत एक चित्र गेल्याशिवाय दुसरें येत नाहीं. चित्रकथेच्या पानावर मात्र बालपण, अपघात आणि आजचा दिवस नऊ चौकटींत शेजारीं शेजारीं बसलेले असतात, आणि नजर वाटेल तिकडे फिरते. काळाची ही कल्पना दाखविण्यास याहून सोयीचें साधन नाहीं.

आतां ‘अरायव्हल’कडे. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांची क्षमा मागून गुपित फोडतों. त्या बाईची मुलगी वारलेली नाहीं. ती अजून जन्मलेलीच नाहीं. परग्रहावरचे ते सात पायांचे जीव वर्तुळाकार लिपींत लिहितात. वाक्याला आरंभ नाहीं आणि अंत नाहीं, सारें एकदम उमटतें. ती लिपि शिकतां शिकतां अध्यापिकेला काळ तसाच दिसूं लागतो, आणि आपण जें सिंहावलोकन समजत होतों तें पुढें घडावयाचें असतें. नवरा आपल्याला सोडून जाणार, मुलगी कोवळ्या वयांत जाणार, हें सर्व जाणून ती मूल होऊं देण्यास होकार देते. चित्राला क्रियापद नसल्यामुळेंच ही फसवणूक साधली. ‘लॉस्ट’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेनें २००७ सालीं आपल्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस हाच डाव टाकला होता. पण तेथें तो प्रेक्षकाला चकविण्यापुरता राहिला.

मूळ कथा टेड चियांग यांची, १९९८ सालची. ती पुस्तकांतून वाचली तेव्हां मला माझें जुनें शस्त्र परत मिळालें. कथेंत आई मुलीला उद्देशून बोलते आणि आठवणी भविष्यकाळी क्रियापदांत सांगते. ‘मला आठवतें, तूं उद्यां रडशील’ असें वाक्य एखाद्या विद्यार्थ्यानें लिहिलें असतें तर मीं त्याला तांबडी शाई लावली असती. चियांग यांनीं हीच चूक पहिल्यापासून उघडपणें, जाणूनबुजून केली आहे. छापील पान क्रियापद लपवूं शकत नाहीं, म्हणून त्यांनीं तें लपविलेंच नाहीं. चित्रपटाचा प्रेक्षक फसतो. कथेचा वाचक कोड्यांत पडतो आणि हळूहळू शहाणा होतो.

या कथेला विज्ञानाचा आधार कोणता, हेंही सांगितलें पाहिजे. पाण्यांत तिरपी बुडविलेली काठी वांकडी दिसते, कारण पाण्याच्या पृष्ठाशीं प्रकाशाचा किरण वांकतो. सतराव्या शतकांत फेर्मा या फ्रेंच गणितज्ञानें त्याचा नियम असा मांडला, कीं दोन ठिकाणांमधील ज्या वाटेला सर्वांत कमी वेळ लागेल तीच वाट प्रकाश घेतो. चौपाटीवरील जीवरक्षक बुडणाऱ्या माणसाकडे सरळ रेषेंत जात नाहीं. वाळूंत पळणें सोपें आणि पाण्यांत पोहणें सावकाश, म्हणून तो वाळूवर जरा अधिक धावून मग पाण्यांत शिरतो. प्रकाशही हवेंत अधिक अंतर काटतो व पाण्यांत कमी. पण थांबा. जीवरक्षकाला बुडणारा माणूस दिसतो आहे म्हणून तो हिशेब करतो. किरणाला आपला मुक्काम निघण्यापूर्वींच कसा ठाऊक? पदार्थविज्ञान म्हणतें, हाच नियम कारणापासून कार्याकडे, पावलामागून पाऊल, असाही सांगतां येतो; गणितांत दोन्ही एकच. चियांग यांची कल्पना अशी, कीं आपण माणसें या कारणकार्याच्या रीतीनें जगाकडे पाहतों आणि ते जीव फेर्माच्या रीतीनें. त्यांना मुक्काम आधीं ठाऊक असतो, आणि तरीही ते चालतात.

चित्रपटानें एक बदल केला आहे. कथेंतील मुलगी पंचविसाव्या वर्षीं कडा चढतांना अपघातानें जाते; चित्रपटांत ती लहान वयांत असाध्य रोगानें जाते. माझ्या मतें येथें पटकथाकार एरिक हायसरर यांनीं कठीण प्रश्न टाळला. रोगापुढें कोणाचाच इलाज नाहीं. परंतु कडा चढूं नकोस, एवढें आई सांगूं शकली असती. मग ती कां सांगत नाहीं? कथा हा कांटा वाचकाच्या पायांत तसाच ठेवते. माझी नात मात्र म्हणाली, “आजोबा, रोग असल्यामुळेंच प्रश्न कठीण होतो. वाचवितां येणार नाहीं हें माहीत असून मूल होऊं द्यायचें, हें काय सोपें आहे?” तिचेंही खरें असेल.

तो चित्रपट आम्ही पाहत होतों तेव्हां माझे थोरले बंधू खोलींत होते. दादांचें वय एक्याऐंशी. दोन वर्षांपासून त्यांच्या स्मृतीला ती जलतरंगाची लकेर उरलेली नाहीं. १९७१ सालीं वारलेले आमचे अण्णा अजून बाजारांतून कसे आले नाहींत, म्हणून ते संध्याकाळीं दाराशीं जाऊन उभे राहतात. पूर्वीं मी त्यांना सन सांगून दुरुस्त करीत असें. प्रत्येक वेळीं त्यांना ती वार्ता नवी असे, आणि प्रत्येक वेळीं ते नव्यानें रडत. तेव्हांपासून मीं दुरुस्ती सोडून दिली. ‘येतील’, एवढेंच म्हणतों.

त्या दिवशीं चित्रपट संपला. नात दिवा लावावयास उठली. आरंभींचें इस्पितळ दादांच्या मनांत राहिलें असावें. त्यांनीं तिला विचारलें, “त्या पोरीचा ताप उतरला का ग?”

मी कांहीं बोलण्यापूर्वीं ती म्हणाली, “अजून आजारी पडली नाहीं हो ती, मोठे आजोबा.”

दादांनीं मान हालविली, आणि पांघरूण ओढून घेतलें.